घंटी नुसतीच हलत होती

यंदा श्रावणात कानबाई देवीच्या सणाला गावी, खानदेशात, जाणं झालं नाही. पुण्यात एका मालिकेच्या आवाजाचं काम अडकलं होतं आणि रविवारची रात्रही त्यातच गेली. म्हणून चुलतभावानं आरतीच्या वेळी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन उंच धरून उभा राहिला. पाटावर कानबाई बसलेली, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, दिव्यांचा पिवळा उजेड, भाऊबंदांच्या घरच्या सगळ्या बाया डोक्यावर पदर घेऊन दाटीवाटीनं उभ्या. आरती सुरू झाली. शब्द मधूनच स्वच्छ येत होते, मधूनच पाण्याखालून आल्यासारखे बुडत होते. माझी माय अगदी पुढं होती. उजव्या हातात आरतीचं ताट, डाव्या हातात घंटी. तिचा डावा हात मनगटातून हलत होता, नेहमीसारखा थोडा तिरका. आणि घंटीचा आवाज येत नव्हता. मी फोनचा आवाज वाढवला, इअरफोन काढून दुसरे लावले. आरती येत होती, टाळ्या तुटक-तुटक येत होत्या, कुणाचं तरी तान्हं पोर रडलं तेही ऐकू आलं.

घंटी नुसतीच हलत होती.

आरती झाल्यावर माय फोनजवळ आली, चष्मा सारखा केला आणि अहिराणीत विचारलं, "दिखनी का रे भाऊ कानबाई? आवाज उना का?" मी म्हटलं, "उना ना," आला म्हणून. घंटीचं काही सांगितलं नाही. तेवढं खोटं बोलून मी फोन ठेवला आणि परत कामाला लागलो. पण त्या रात्रीपासून तो बिनआवाजाचा हात डोळ्यांपुढून हलेना.

असं का झालं ते मला ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच ते जास्त लागलं. कॉलच्या सॉफ्टवेअरला माणसाचं बोलणं तेवढं हवं असतं. बाकी माइकवर जे येईल, पंखा, भांडी, रस्त्यावरचा हॉर्न, ते सगळं त्याच्या लेखी गोंगाट. घंटीचा आवाज उंच, टोकदार, आणि एकदा उठला की एकाच पट्टीत लांबत जाणारा. माणसाच्या बोलण्यात असं काही नसतं, म्हणून ते त्याला गाळून टाकतं. आणि हेच काम मी पोटासाठी करतो. चित्रीकरणात टिपलेले संवाद स्वच्छ करून देतो. नटीच्या वाक्यामागून आलेली कुकरची शिट्टी, शेजारच्या देवळातली घंटा, हे सगळं पुसतो. आवाजाचं चित्र पडद्यावर उघडलं की घंटा त्यात फार सुरेख दिसते. एकाखाली एक आडव्या रेषा. वरच्या आधी विझतात, खालची एकटी लांबवर रेंगाळत जाते. त्या रेषा निवडायच्या आणि कळ दाबायची. दहा-बारा वर्षांत किती देवळांच्या घंटा मी अशा पुसल्या असतील, याचा हिशोब मी कधी मांडला नव्हता.

त्याच आठवड्यात ठरवलं की गावी जायचं, घंट्या रेकॉर्ड करायच्या आणि त्यांचं व्हर्च्युअल वाद्य बांधायचं. काम किचकट आहे, पण कल्पना साधी. खऱ्या वाद्याचा एकेक सूर वेगवेगळ्या जोरानं वाजवून टिपायचा आणि ते तुकडे कीबोर्डच्या पट्ट्यांना जोडायचे. पट्टी हळू दाबली की हळू ठोका, जोरात दाबली की जोराचा. हा जोर १ ते १२७ असा मोजला जातो. नुसता आवाज लहानमोठा करून भागत नाही, कारण घंटीवर जोरात ठोका पडला की तिच्यातले वरचे सूर जास्त उठतात, आवाजाचा रंगच बदलतो. शिवाय एकच ठोका पुन्हा पुन्हा ऐकवला तर कान तो लगेच पकडतो. बंदुकीची फैर झाडल्यासारखं वाटतं. म्हणून एकाच जोराचे सहा-आठ ठोके घ्यायचे आणि ते आलटून-पालटून वाजवायचे. मग कुठं पडद्यापलीकडच्या माणसाला वाटतं की कुणीतरी हातात घेऊन वाजवतंय.

हँडबेलची अशी वाद्यं बाजारात आहेत, माझ्याकडेही दोन आहेत. पण ती इंग्लिश हँडबेलची. चर्चमध्ये दहा-बारा जण गादी घातलेल्या टेबलामागं हातमोजे घालून उभे राहतात, प्रत्येकाच्या वाट्याला ठरलेले सूर, आणि सगळ्यांनी मिळून एक गाणं वाजवायचं. पाच सप्तकांचा पुरा संच ६१ घंटांचा. त्यातला लोलक एकाच रेषेत पुढं-मागं जातो आणि स्प्रिंगनं धरलेला असतो, नको तेव्हा धातूला टेकत नाही. प्रत्येक घंटा आतून कातून सुरात आणलेली असते. मूळ सूर आणि त्याच्या तिप्पट कंपनांचा वरचा सूर, हे दोन नेमके जुळवले की ती इतर घंटांशेजारी बसते. लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये १५७० पासून चालत आलेला ओतशाळेचा कारखाना होता, मोठ्या घंटांबरोबर तिथं या हातातल्याही व्हायच्या. २०१७ साली तो बंद झाला, ती बातमी वाचून मला घरचं कुणी गेल्यासारखं वाटलं होतं. इतक्या निगुतीनं केलेल्या वस्तूला मी नावं ठेवणार नाही. पण मालिकेत देवघराचा प्रसंग आला की मी त्याच घंटांचे सूर वर-खाली करून लावत आलोय, आणि दर वेळी काहीतरी खटकत आलंय. आपल्या पूजेच्या घंटीत लोलक मोकळा लोंबतो. हात हलला की तो गोल फिरतो, कुठंही आदळतो, दोनदा एका बाजूला, एकदा दुसरीकडे, मध्येच नुसता घासून जातो. त्या घणघणीत दोन ठोके सारखे नसतात. उचलताना एक चुकार टिंग येतं, खाली ठेवताना एक दबलेलं टक. हे काहीच त्या संचात मिळत नाही, आणि मिळावं अशी अपेक्षाही चूक आहे.

मायची घंटी वीतभर उंचीची, पितळेची. मुठीवर गरुड आणि हनुमान पाठीला पाठ लावून बसलेले. इतक्या वर्षांच्या चिंच-राखेनं गरुडाची चोच झिजून सपाट झालीय. घंटी मूळची आजीची. तिच्या काठाला एक पोचा आहे, करंगळीचं टोक बसेल एवढा, आणि तो मी पाडलेला आहे. सहा-सात वर्षांचा असेन. शाळेतला शिपाई मधल्या सुट्टीला लाकडी मुठीची पितळी घंटा हलवत व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचा. सगळी शाळा त्याच्या मागं ओसंडून बाहेर पडायची. दुपारी घरात कुणी नाही असं पाहून मी देवघरातली घंटी घेतली आणि ओट्यावर तसाच चालू लागलो. हातात तेल होतं की घाम, ती निसटली आणि ओट्याच्या दगडावर पडली. आजी आतून आली. मी मार खायला तयार उभा. तिनं घंटी उचलली, कानाशी नेऊन एकदा हलवली, मान थोडी कलती करून ती विझेपर्यंत ऐकली, पदरानं पुसली आणि जागेवर ठेवून दिली. काही बोलली नाही.

मागच्या महिन्यात मी चुलतभावाला सांगून त्या घंटीचे चार-पाच ठोके साध्या रेकॉर्डरवर मागवून घेतले. पडद्यावर उघडून पाहिलं. तिचा मुख्य सूर साधारण २१५० हर्ट्झला आहे, पाश्चात्त्य पट्टीतल्या सी आणि सी-शार्पच्या जवळजवळ मधोमध. पेटीवर तो सूर नाही. आणि त्यात हेलकावा आहे. सेकंदाला साधारण चार वेळा आवाज फुगतो आणि ओसरतो, वँव-वँव-वँव, सात-आठ सेकंद, मग नाहीसा. याचं कारण मी शिकलेलो आहे. वाजताना घंटीचं तोंड गोल राहत नाही. आधी एका दिशेनं अंडाकृती होतं, लगेच आडव्या दिशेनं. काठावरच्या चार जागा हलतात, मधल्या चार स्तब्ध राहतात. घंटी पुरती गोल आणि सगळीकडून सारख्या जाडीची असेल तर यातून एक सूर निघतो. कुठं जाड, कुठं पातळ, कुठं पोचा असला की त्याच हालचालीचे दोन सूर होतात, अगदी खेटून असलेले, आणि त्यांच्या चढाओढीतून हा हेलकावा येतो. सुरात लावलेल्या हँडबेलमध्ये हा दोष मानतात. माझ्या कानात मात्र घंटी म्हटलं की तोच हेलकावा आहे. आता प्रश्न असा की तो माझ्या पोच्यानं आला, की आधीपासूनच होता? ओतून काढलेली कुठलीच घंटी पुरती गोल नसते. पडण्याआधीचा आवाज आणि नंतरचा आवाज, दोन्ही लक्ष देऊन ऐकलेलं माणूस एकच होतं. मान कलती करून आजीनं त्या दुपारी नेमकं काय ऐकलं, ते विचारायचं राहून गेलं.

वहीत यादी केली. पहिल्या दिवशी उत्साहात पद्मालयाची मोठी घंटा लिहिली, पाटणादेवीची लिहिली. दुसऱ्या दिवशी दोन्ही खोडल्या. टांगलेल्या मोठ्या घंटेचा मान वेगळा, तिचं रेकॉर्डिंगही वेगळं. मला हातातल्या घंट्या हव्या होत्या, माणसाच्या मनगटानं वाजणाऱ्या. होळीला सातपुड्यातल्या काठी गावाच्या बाजूला नाचणाऱ्यांच्या कमरेला बांधलेल्या घुंगरांचा आवाजही फार दिवस मनात आहे. तोही लिहिला आणि काढला. तो ठेवा आदिवासी बांधवांचा आहे. एखाद्या रात्रीत माइक घेऊन जाऊन उचलून आणायचा नाही. त्यांच्यातलंच कुणी ते काम हाती घेईल तर मी केबल गुंडाळायला आनंदानं जाईन. मग यादीत उरलं ते एवढं: मायची घंटी, भाऊबंदांच्या तीन घरांतल्या तीन, शाळेतली लाकडी मुठीची घंटा (ती अजून आहे, कपाटात, विजेची बेल आल्यापासून), आणि आप्पांच्या बैलांच्या गळ्यातल्या घाट्या.

घाट्या हातातल्या नव्हेत, हे मला कळतं. पण त्यांच्याशिवाय यादी मला अपुरी वाटते. आप्पा म्हणजे माझे मोठे काका. बैल विकून त्यांना नऊ वर्षं झाली. पोळ्याला आता मातीच्या बैलांची पूजा होते, पण घाट्या आणि घुंगरमाळा त्यांनी विकल्या नाहीत. माळ्यावर गोणपाटात बांधून ठेवल्यात. चामड्याचे पट्टे वाळून लाकडासारखे झालेत, असं ते फोनवर म्हणाले. लहानपणी आम्ही ओट्यावर झोपायचो आणि गोठा पलीकडे, दहा पावलांवर. रात्री बैल रवंथ करायचा तेव्हा मानेबरोबर घाटी हलायची. टण्... मग बराच वेळ काही नाही... मग टण् टण्. त्याला ताल नव्हता, पण लय होती, आणि त्या लयीवर झोप लागायची. आप्पा म्हणायचे, घाटी वाजतेय तोवर जनावर बरं आहे. वाजायची थांबली की ते झोपेतून उठून बसायचे आणि बॅटरी घेऊन गोठ्यात जायचे. वाजण्यानं जाग येणारे सगळेच असतात. थांबण्यानं जागं होणारं माणूस मी तेवढं एकच पाहिलं. रात्री उशिरा पांदीतून गाडी यायची तेव्हा कुणाची गाडी आली हे ते अंधारात पडल्या पडल्या सांगायचे.

आता अडचण अशी की घाटी स्टँडला टांगून मी काठीनं वाजवली तर ठोका मिळेल, पण ती लय मिळणार नाही. ती बैलाच्या मानेत होती. आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, गावात अजून तिघांकडे जोड्या आहेत, त्यातला एक बैल शांत आहे, त्याच्या मालकाला विचारून बघतो, रात्रभर घाटी बांधून ठेवू. मग थांबून म्हणाले, पण त्याला सवय नसेल तर तो रवंथच करायचा नाही. हे माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं. त्यांनी उपायही सांगितला: चार दिवस आधीपासून बांधायची. तेवढ्यासाठी पट्टा तेल लावून मऊ करायला त्यांनी आत्तापासून घेतलाय.

कधी जायचं हा सगळ्यात मोठा घोळ होता. चैत्र-वैशाखात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. पंखा बंद करून खोलीत बसणं माणसाला शक्य नाही. तापलेल्या धातूचा सूरही किंचित उतरतो. तीस अंशांच्या फरकानं सेमीटोनचा, म्हणजे पेटीवरच्या दोन लगतच्या सुरांमधल्या अंतराचा, जेमतेम दहावा भाग, पण एका घंटीचे ठोके सकाळी आणि दुसरीचे दुपारी घेतले तर मागाहून जुळवताना हात टेकावे लागतात. पावसाळ्यात बेडूक, रातकिडे, पत्र्यावरचं पाणी. दिवाळीत फटाके. उरतो मार्गशीर्ष. थंडी पडली की किडे गप्प होतात, पंखे थांबतात, हवा पडलेली असते. शिवाय दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा. तापीकाठच्या त्या घोडेबाजारात साज-सामानाची दुकानं लागतात, तिथं आजच्या घुंगरमाळा वाजवून पाहायच्या आहेत. पितळेची कोणती, नुसता मुलामा दिलेल्या पत्र्याची कोणती, हे कानाला लगेच कळतं. घंटेसाठी खरं चांगलं ते कांसं, साधारण ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील. त्याचा नाद लांबतो. पितळेत कथिलाऐवजी जस्त असतं आणि ते लवकर गप्प होतं. पण आमच्या घरांमधलं जवळपास सगळं पितळेचंच, आणि मला तेच हवं आहे.

आवाजांची दुसरी यादी केली, जे नको आहेत त्यांची. शेतीच्या थ्री-फेज विजेचं वेळापत्रक आठवड्याला बदलतं. रात्रपाळी असली की बोरी नदीकाठचे सगळे मोटारपंप रात्री घुमतात, म्हणून दिवसपाळीचा आठवडा बघायचा. सुरत-भुसावळ लाइन आमच्यापासून आठ-नऊ किलोमीटरवर, पण थंडीच्या रात्री मालगाडीचा हॉर्न उशाशी आल्यासारखा येतो. घरातला फ्रीज आणि इन्व्हर्टर यांची घूं बंद करायला मेन स्विच पाडायचा. टिटवीला काही करता येत नाही. रेकॉर्डर बॅटरीवर चालेल, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, दोन माइक, एक हातभर अंतरावर आणि दुसरा खोलीच्या टोकाला. घंटीचा पहिला ठोका काट्यासारखा वर उडतो, म्हणून पातळी खूप खाली ठेवायची. हे सगळं सोपं आहे.

जागेचं मात्र भाग्यानं जमलं. नवं घर स्लॅबचं आहे, त्यात टाळी वाजवली तरी भिंती उत्तर देतात. मागं जुनं धाब्याचं घर आहे, हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर मातीचं छत. त्यात आप्पांचा कापूस भरलाय. भावाची वाट बघत कंबरभर उंचीचा ढीग पडून आहे. स्टुडिओत लाखभर रुपये खर्चून भिंतींना जे लावतात ते काम तो ढीग आपसूक करतो. त्या खोलीत बोललं की शब्द ओठांपासून वीतभर अंतरावर संपतो. लहानपणी आम्ही त्यात लपायचो तेव्हा बाहेरची हाक ऐकूच यायची नाही. मी आप्पांना विचारलं, मार्गशीर्षापर्यंत कापूस राहील ना? विचारून टाकलं आणि मग जीभ चावली. तो राहावा याचा अर्थ भाव चढू नये. ते म्हणाले, राहील, राहील, काळजी करू नको. त्यांच्या आवाजात राग नव्हता. पण तेव्हापासून मी रोज सकाळी कापसाचा भाव बघतो, आणि तो शंभर रुपयांनी वर गेला की मला आनंद झाला की काळजी वाटली, हे मला धड सांगता येत नाही.

माय या बेतात सगळ्यात शेवटी आली. तिला मी सांगितलं की मी येतो, तुझ्या घंटीचा आवाज भरून घेतो, तूच वाजव. किती वेळा, तिनं विचारलं. मी वहीत पाहून सांगितलं: जोराच्या पाच पायऱ्या, प्रत्येकी आठ ठोके, म्हणजे चाळीस, शिवाय घणघण वेगळी. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "उगाच घंटी वाजाडी तं देव काय म्हनी?"

मला याचं उत्तर सुचलं नाही. लहानपणी देवघरातली घंटी खेळायला घेतली की आम्हाला हेच ऐकावं लागायचं. घंटी वाजते ती देवांनी यावं आणि वाईटानं जावं म्हणून. बोलावून कुणी आलं आणि आपल्याकडे पूजाच नसली तर? मी म्हटलं, मग दुसरी घेतो, बाजारातली. "नको," ती म्हणाली, "बघू." चार दिवसांनी तिचाच फोन आला. चाळीस हा काही आकडा नाही, एकशे आठ कर, म्हणाली. तिच्याकडे विष्णूच्या एकशे आठ नावांची पोथी आहे. प्रत्येक ठोक्याला एक नाव घ्यायचं, म्हणजे ती पूजाच झाली, उगाच काही नाही. मी घाबरत सांगितलं की बोललेलं माइकमध्ये येईल. "मी मनमा नाव लिसू," ती म्हणाली. मोजायचं कसं? तुळशीच्या माळेवर. मण्यांचा आवाज येईल. मग माळ गोमुखीत, जपाच्या कापडी पिशवीत, घालीन. हे सगळं तिनं आधीच ठरवून ठेवलं होतं. उजवा हात गोमुखीत, डाव्या हातात घंटी. देवघर नव्या घरात, कापूस जुन्यात, हेही तिनंच सोडवलं. पाट आणि एक तसबीर त्या खोलीत नेऊन मांडायची, समोर रांगोळीचं एक बोट ओढायचं. कापसाजवळ दिवा लावता येणार नाही, त्याला ती तयार झाली, थोडी कुरकुरत.

मी वही पुन्हा मांडली. एकशे आठ म्हणजे नऊ पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला बारा ठोके. माझ्या चाळीसपेक्षा हे कितीतरी चांगलं वाद्य होईल. एका ठोक्यानंतर तो पुरता विझेपर्यंत दहा-बारा सेकंद थांबायचं, म्हणजे सगळं वीस-बावीस मिनिटांत. इतका वेळ तिचं मनगट धरेल का, ही एक काळजी. नऊ पायऱ्या तिला कशा समजावायच्या, ही दुसरी. त्यावर ती म्हणाली, सकाळी तुझे बाबा झोपलेले असतात तेव्हा वाजवते तशी, नैवेद्याला वाजवते तशी, आरतीला वाजवते तशी, त्याच्या मधलं मधलं तू सांग. तिच्या तीन पायऱ्या आधीपासून होत्याच. सकाळची ती बारीक, बोटांनी लोलक धरून सोडल्यासारखी घंटी मी कितीदा पांघरुणातून ऐकलीय, पण ती कुणाची झोप मोडू नये म्हणून तशी वाजते, हे मला या वयात कळलं.

कधीकधी रात्री वाटतं, हे वाद्य तयार झालं की मी ते कुणाला देणार? फुकट ठेवलं तर जगात कुठंही, कुणाच्याही भयपटात, एखाद्या टूथपेस्टच्या जाहिरातीत मायचा हात वाजेल. पट्टी दाबणाऱ्याला त्या बारा ठोक्यांपैकी एकेका ठोक्यात केशव आहे, नारायण आहे, हे कळायचं कारण नाही. विकायला काढलं तर अजूनच अवघड. देवाच्या घंटीचे पैसे घेतले म्हणून माय काही बोलणार नाही, पण मला ते गिळणार नाही. सध्या असं ठरवलंय की आधी भरून आणायचं. सूर मात्र दुरुस्त करायचा नाही. २१५० ला आहे तिथंच राहील, हेलकाव्यासकट. ज्याला तो आपल्या गाण्यात बसत नाही असं वाटेल त्यानं आपलं गाणं थोडं सरकवावं.

आणखी एक ओळ यादीत नंतर घातली. एकशे आठ झाले की माइक उचलून नव्या घरात न्यायचे, मेन स्विच चालू करायचा, दारं उघडायची, आणि संध्याकाळची आरती जशी होते तशी घ्यायची. शेगडीवर कुकर, टीव्हीवर बातम्या, पोरांचा दंगा, अंगणात उभ्या ट्रॅक्टरची घरघर. त्याचा वाद्याला काही उपयोग नाही. ते मला माझ्यापाशी हवंय, न पुसता.

तिकीट झालंय. पुण्याहून रात्रीची गाडी, पहाटे धुळं, तिथून अमळनेरची पहिली एसटी. आप्पांचा पट्टा मऊ झाला, कापूस अजून आहे. परवा मायचा फोन आला, "घंटी घासी ठेवू का?" मी म्हटलं, नको, आहे तशीच राहू दे. काळा थर गेल्यानं आवाज बदलतो असं नाही, पण मला उगाच धास्ती वाटते. एवढे दिवस जपलंय तर आता कुणी हात लावू नये असं वाटतं. ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, एकशे आठ नावं घ्यायची ती मळक्या घंटीनं घेऊ का रे?

चिंच भिजत घाल म्हटलं.